गिरीशची लय

गिरीश जाऊन आठ महिने झाले होते, तरी पल्लवी घाबरली की तो यायचा.

दिसायचा नाही, बोलायचा नाही. भुसावळच्या बाजारात स्कूटरपुढे कुणी अचानक आडवं आलं, कॉलेजात प्राचार्यांचा निरोप आला, की तिची छाती धडधडू लागे. आणि चार-पाच सेकंदांत डाव्या कानामागे मुंगी चालल्यासारखं होई. मग तिचा श्वास तिचा राहत नसे. तो लांब होई, सावकाश खाली उतरे, तळाशी क्षणभर थांबे आणि मगच वर येई. असा श्वास घेणारा माणूस तिनं एकच पाहिला होता. एकोणीस वर्षं ती त्याच्या शेजारी झोपली होती.

पल्लवी फेगडे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आणि हे काय होतंय ते तिला नीट ठाऊक होतं. तरीही दर वेळी श्वास पूर्ववत झाला की ती मागं वळून बघायची.

या सगळ्याची सुरुवात सहा वर्षांपूर्वी झाली होती. सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, रेवा शाळेत, कॉलेजात दोघांचं काम एकटीवर. पल्लवी सगळं रेटत होती. एका सकाळी सराव परीक्षेच्या वेळी वर्गात फिरताना तिला एकदम वाटलं, खोलीतली हवा संपली. हात बधिर झाले आणि ती मुलांसमोरच खाली बसली. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही सापडलं नाही. पण त्यानंतर तो झटका केव्हाही येऊ लागला. भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, रेवाच्या स्नेहसंमेलनात. गोळ्या घेतल्या की झापड यायची आणि फळ्यावर गणितं चुकायची. शेवटी गिरीश तिला जळगावला डॉ. शुभदा अत्तरदे यांच्याकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूतून निघून मानेतून छातीपोटापर्यंत जाणारी एक लांब नस असते. हृदयाला आणि श्वासाला 'आता सावकाश' असं सांगायचं काम तिचं. तिची एक बारीक फांदी कानापाशी कातडीच्या अगदी जवळ येते. तिथं हलके विजेचे ठोके दिले की धडधड उतरते, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. अडचण एवढीच होती, की यंत्राच्या एकसुरी ठोक्यांची शरीराला सवय होते आणि मग ते दाद देत नाही. दुसरी माहीत असलेली गोष्ट अशी, की एकमेकांच्या सहवासात रुळलेल्या दोन माणसांचे श्वास आणि हृदयाचे ठोके नकळत एका तालात येतात. तान्हं बाळ आईच्या छातीवर निवतं ते त्यामुळेच. पुण्यातल्या एका कंपनीनं या दोन गोष्टींची सांगड घातली होती. तांदळाच्या दाण्याएवढी चिप दोघांच्याही कानामागे बसवायची. एकाचं शरीर घाबरलं की दुसऱ्याच्या शरीराची शांत लय फोनमार्फत त्याच्याकडे जाते आणि त्याच लयीत ठोके मिळतात. दुसरा खरोखर शांत असेल तरच त्याची लय जाते. वर्षभरात चिप ती लय शिकूनही घेते. त्या साठवलेल्या लयीला कंपनी 'ठसा' म्हणायची. जोडीदार स्वतःच धास्तावलेला असला किंवा नेटवर्क नसलं, की चिप ठशावरून काम भागवते. शिवाय एक इशारा असे. एकाची धडधड हाताबाहेर गेली की दुसऱ्याच्या कानामागे थरथर होई, म्हणजे त्याला निदान फोन करता यावा.

यंत्राचं नाव होतं 'सोबत'.

घरात सगळ्यात शांत कोण, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पल्लवीनं नुसतं गिरीशकडे बोट दाखवलं. गिरीशची केळी पिकवायची तीन चेंबर्स होती. हिरव्या केळ्यांचे क्रेट आत रचायचे, दारं बंद करायची, तापमान आणि वायू नेमका ठेवायचा आणि चार दिवस थांबायचं. घाई केली तर साल पिवळी होते आणि आतला गर कच्चा राहतो, असं तो सांगे. माल बिघडला, मजूर आले नाहीत, वीज गेली, तरी त्याचा आवाज कधी चढला नव्हता. त्याची चिप बसली आणि तिसऱ्या महिन्यात पल्लवी पुन्हा स्कूटर चालवू लागली. सासऱ्यांचं आजारपण, त्यांचं जाणं, रेवाची दहावी, सगळं तिनं पेललं. नातेवाईक म्हणत, पल्लवी आता किती स्थिर झाली आहे.

मागच्या ऑक्टोबरात गिरीश रावेरकडच्या बागांमधला माल बघून परत येत होता. सावद्याच्या अलीकडे त्यानं पिकअप रस्त्याकडेला एका कडुनिंबाखाली घेतली. तिथंच तो गेला. हृदयाचा झटका होता. वय पन्नाशीच्या आतलं.

पल्लवी त्या दुपारी वर्गात होती. कॉलेजच्या तपासणीसाठी समिती आली होती आणि अडीचच्या सुमारास तिघं जण तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. तिच्या हातातला खडू निसटला. तेवढ्यात गिरीश आला. इतका जवळ तो पूर्वी कधी आला नव्हता. श्वास खाली उतरला, तळाशी थांबला, आणि तिनं फळ्यावर अन्वस्त वक्र काढायला घेतला तो एकाही रेघेत चूक न करता. वर्गात आवाज बंद करून पर्समध्ये ठेवलेला फोन तिनं तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बघितला. गिरीशचे दोन मिस्ड कॉल होते, दोन एकोणीस आणि दोन चोवीसला. तिनं लावला तेव्हा पलीकडून एका अनोळखी माणसाचा आवाज आला.

तो अनोळखी माणूस म्हणजे ज्यांच्या बांधाशी गाडी उभी होती ते भागवत तायडे. ते दहाव्याला आले होते. घुटमळत, मान खाली घालून त्यांनी सांगितलं, की आपण पंपाच्या खोलीत होतो, हॉर्न वाजत होता, पाचसात मिनिटं वाजत होता. कुणीतरी मजुरांना बोलवत असेल असं वाटलं. उठून बघावं म्हणेपर्यंत हॉर्न थांबला, म्हणून परत बसलो. पल्लवीनं त्यांना चहा दिला आणि तुमचा काही दोष नाही असं समजावलं. तिचा श्वास तेव्हा अगदी संथ चालला होता.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलंच नाही. घशाशी काही दाटून आलं की कानामागे मुंगी चाले आणि ते खाली बसे. जाताना तो मला वर्गात भेटून गेला, एवढंच ती सगळ्यांना सांगे. ते सांगताना तिचा चेहरा उजळायचा. बायका एकमेकींकडे बघत.

रेवा मात्र आईकडे बघत नसे. ती बारावीला होती. वडील गेल्यानंतर ती जेवणाच्या ताटावरून लवकर उठू लागली, मैत्रिणींकडे जाणं तिनं सोडलं, आणि विचारलं की अभ्यास आहे म्हणायची. परीक्षा झाली, सुट्टी लागली, तरी तिचं उत्तर तेच राहिलं.

जूनमध्ये एका सकाळी ती जुना टॅब साफ करत होती. त्यात गिरीशचा एक आवाजी निरोप निघाला, तीन वर्षांपूर्वीचा. 'रेवा, मम्मीला सांग, मी येताना भरताची वांगी आणतोय.' एवढाच. पल्लवी ओट्यापाशी उभी होती. तिनं ओट्याची कड घट्ट धरली. रेवा वळून आईकडे बघत राहिली. पल्लवीचे डोळे भरले, ओठ थरथरले, आणि मग रेवाच्या देखत तिचे खांदे खाली आले, श्वास लांबला. तिनं डाळ धुवायला घेतली.

"तुला पप्पा अजून आहेत," रेवा म्हणाली. "मला नाहीत."

रेवानं आधीच सगळी माहिती काढून ठेवली होती. मेलेल्या माणसाचा ठसा जोडीदाराकडे राहतो, पण जोडीदाराची तयारी असेल तर तो अठरा वर्षांच्या पुढच्या मुलाकडे देता येतो. एका वेळी एकाकडेच. रेवाला पुढच्या आठवड्यात अठरा पूर्ण होणार होती.

चार दिवस पल्लवी घरात फिरत राहिली. गिरीशशिवाय बाजारात कसं जायचं, वर्गात कसं उभं राहायचं, या विचारानंच धडधड सुरू होई आणि तोच येऊन ती थांबवी. पाचव्या दिवशी तिनं रेवाला सांगितलं, की तुझ्या वाढदिवसानंतर जळगावला जाऊ. रेवानं मान हलवली. आभार तिनं मानले नाहीत.

दवाखान्यात 'सोबत'चं काम इरफान तडवी बघायचे. यावलकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. पल्लवी त्यांना तडवीभाऊ म्हणे. ठसा हलवायच्या आधी मृताचं खातं तपासून बंद करावं लागतं, म्हणून त्यांनी गिरीशची सगळी नोंद उघडली. ती वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला. ताईंना इशाऱ्याचं माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. पल्लवीला कळेना, कुठला इशारा.

जाण्याच्या तीन वर्षं आधी गिरीशनं एकट्यानं येऊन आपल्याकडून जाणारा इशारा बंद करून घेतला होता. तेव्हाच्या कर्मचाऱ्यानं कारणही लिहून ठेवलं होतं. चेंबरमध्ये शॉर्टसर्किट झालं, माझ्या धडधडीचा इशारा बायकोकडे गेला, ती वर्गात कोसळली. पुन्हा तसं नको. पल्लवीला तो दिवस आठवला. त्यानंतर गिरीशनं एवढंच सांगितलं होतं, की यंत्र जरा जास्त नाजूक लावलं होतं, ते मी नीट करून आणलं. म्हणजे तीन वर्षं तिची भीती त्याच्याकडे जात होती आणि त्याची तिच्याकडे येत नव्हती.

तडवींनी तारखा खाली सरकवल्या. त्या तीन वर्षांत गिरीशची धडधड हाताबाहेर गेल्याच्या नोंदी दोनशेच्या वर होत्या. बहुतेक पहाटेच्या, ती शेजारी झोपलेली असतानाच्या.

ऑक्टोबरातला तो दिवस सगळ्यात शेवटी होता. आलेख दोन बाराला उसळला होता आणि दोन बावन्नला संपला होता.

"अडीच वाजता तो माझ्याकडे आला होता," पल्लवी म्हणाली. "वर्गात. मला नक्की आठवतंय."

"तो ठसा होता, ताई," तडवी हळू आवाजात म्हणाले. "भाऊ स्वतः तेव्हा…" त्यांनी वाक्य सोडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. अडीचच्या जागी रेघ वेडीवाकडी होऊन चौकटीच्या वर गेली होती.

चिपनं दवाखान्याला का कळवलं नाही, असं रेवानं विचारलं. तडवींनी सांगितलं, की कायद्यानं हे मनःस्वास्थ्याचं साधन आहे, रोग ओळखायचं नाही. ते कळवतं ते फक्त जोडीदाराला.

तडवींनी डॉ. अत्तरदेंना बोलावलं. डॉक्टर आल्या आणि पल्लवीच्या शेजारी बसल्या. पल्लवीनंच विचारलं, की या चाळीस मिनिटांचं काय करतात. डॉक्टर म्हणाल्या, सहसा काही करत नाहीत, वर्षभरानं नोंद पुसली जाते. मागितली तर जोडीदाराला ती आपल्या चिपवर एकदा घेता येते. त्यात शब्द नसतात, विचार नसतात. श्वास, ठोके, अंगाचा ताण, घाम, हे शरीराचं शरीराला कळतं, तेवढंच. आणि ती चाळीस मिनिटं अंगावरून गेली तर ठसा निकामी होईल, रेवाला द्यायलाही उरणार नाही. कारण ती लय पल्लवीला निववते ती एवढ्यासाठीच, की त्या माणसाला तिच्या शरीरानं घाबरलेलं कधी पाहिलेलं नाही. उलट आज ठसा रेवाकडे गेला तर पल्लवीची जोडी कायद्यानं संपते; मग ही नोंद कुणालाच उघडता येणार नाही.

दोघी बाहेर बाकावर येऊन बसल्या. समोरच्या टपरीवर कुणीतरी ऊस गाळत होतं. पल्लवी म्हणाली, मी शब्द दिलाय, ठसा तुझा आहे, आत जाऊ आणि सही करू. रेवा पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ गिरवत होती.

"एकोणीस वर्षं," पल्लवी म्हणाली, "मला वाटायचं त्याला भीती वाटतच नाही."

रेवानं पाय मागं घेतला. मग म्हणाली, "चाळीस मिनिटं एकटे होते ते. तू घे ती. मी शेजारी बसते."

डॉक्टरांनी तीव्रता एक-तृतीयांशावर ठेवली. सहन झालं नाही तर हात वर करायचा, असं ठरलं. सकाळचे अकरा वाजले होते. पल्लवी खुर्चीत मागं रेलली, रेवानं तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

आधी काहीच नव्हतं. नेहमीचाच श्वास, खाली उतरणारा, तळाशी थांबणारा. पल्लवीच्या मनात आलं, हाच तो. आणि त्याच क्षणी तो श्वास अडखळला. छातीच्या मधोमध काहीतरी आवळलं गेलं, डाव्या खांद्यातून जबड्यापर्यंत चढलं. तळव्यांना घाम सुटला. श्वास वरच्यावर, तुकड्यातुकड्यांनी होऊ लागला. हे सगळं तिला ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी वर्गात ती अशीच झाली होती. पण तिच्या झटक्यात कुठंतरी आत माहीत असायचं, की यातून आपण उठू. इथं तसं काही नव्हतं. शरीराला सगळं कळलं होतं.

थोड्या वेळानं हात ताठ झाले. बोटं काहीतरी धरू बघत होती. हा फोन, तिनं ओळखलं. मग एक वाट बघणं आलं, पोटात खड्डा पडल्यासारखं, आणि ते रिकामंच संपलं. परत तेच. दुसऱ्या वेळी त्या वाट बघण्याच्या शेवटी हुंदक्यासारखं काहीतरी छातीत फुटलं. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. रेवा ते पुसत नव्हती, नुसती हात धरून होती.

मग उजवा दंड आवळला, सुटला, पुन्हा आवळला. कुणीतरी जीव खाऊन काहीतरी दाबत होतं. अंगातली सगळी भीती त्या एका हातात उतरली होती, आणि ती भीती त्याला बसू देत नव्हती. ऊठ, दाब, कुणाला तरी बोलाव. पल्लवीचा हात रेवाच्या मांडीवर तसाच दाबत राहिला. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच.

आणि मग कुणीतरी आलं.

कानामागे मुंगी चालली. तिची नव्हे, त्याची. बाहेरून एक श्वास त्याच्या श्वासावर येऊन टेकला. तो खाली उतरला, तळाशी थांबला. पण तो सगळा गिरीशचा नव्हता. वर येताना त्यात एक बारीकशी घाई होती, काठावर ठेच लागल्यासारखी. ही चाल तिनं कुठं पाहिली आहे ते तिला आठवेना, आणि मग आठवलं, कारण ती पाहिलेली नव्हती. ती तिची स्वतःची होती. दोन बत्तीसला, फळ्यासमोर, समितीच्या देखत, गिरीशच्या ठशानं निवलेली पल्लवी. तिची शांत लय फोनमार्फत सावद्याच्या रस्त्याला गेली होती, कारण 'सोबत'चं कामच ते होतं.

उजवा दंड सैल पडला. हात खाली आला. छातीतलं आवळणं तसंच होतं, वाढतच होतं, पण भीती ओसरत गेली. श्वास लांबला. उठायचं, दाबायचं, बोलवायचं, यातलं आता काही राहिलं नाही. त्यानंतरची वीस मिनिटं तो नुसता बसून होता. ती त्याच्यासोबत होती. शेवट जवळ आला तसा तळाशी थांबणारा श्वास जरा जास्त थांबू लागला, मग आणखी जास्त. एकदा तो थांबला आणि पल्लवी वाट बघत राहिली.

तडवींनी बटण बंद केलं तेव्हा ती मोठ्यानं रडत होती. दवाखान्यातल्या लोकांनी दारातून डोकावून पाहिलं. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. कानामागे काही चाललं नाही, कुणी आलं नाही. अर्धा तास तरी ते रडणं थांबलं नाही, आणि थांबवायचा प्रयत्न कुणी केला नाही.

बोलता येऊ लागल्यावर तिनं डॉक्टरांना एकच विचारलं.

"हॉर्न मी थांबवला का?"

डॉक्टरांनी पुन्हा आलेख पाहिला. बाहेरून आलेली लय दोन बत्तीसला सुरू होत होती आणि पुढच्या मिनिटाभरात गिरीशची धडधड उतरली होती, हे खरं होतं. त्याआधी गिरीशच्या चिपला पल्लवीकडून घेण्यासारखं काही मिळालं नव्हतं. तिचा ठसाही त्या चिपकडे जेमतेम होता, कारण पल्लवी स्वतःच्या बळावर शांत अशी कधी असायचीच नाही. पण हात वेदनेनं थकला म्हणून थांबला की निवला म्हणून थांबला, हे नोंदीत नव्हतं. तायडे उठून आले असते तर गिरीश वाचला असता का, हेही नव्हतं. झटका मोठा होता. सावद्याहून दवाखाना वीस मिनिटांवर होता.

"मला सांगता येणार नाही," डॉ. अत्तरदे म्हणाल्या. "खोटं सांगितलं तर तुम्हाला कळेल."

पल्लवीनं चिप त्याच दिवशी बंद करून घेतली. काढायला दोन दिवसांनी या म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला येऊन बोलायचं ठरलं. परतताना बसमध्ये खिडकीशी ती बसली. नशिराबादजवळ एक ट्रक अगदी अंगावर आल्यासारखा गेला आणि तिची छाती धडधडू लागली. ती वाट बघत राहिली. धडधड बराच वेळ चालली, मग आपली आपण कमी झाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर दोघींनी सकाळचीच पोळीभाजी खाल्ली. जेवताना रेवानं विचारलं, की पप्पा घाबरले होते का.

खोटं सांगणं सोपं होतं. शेवटची वीस मिनिटं तो शांत होता, एवढंच सांगता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण पल्लवीनं सगळं सांगितलं. फोनची वाट बघणं, छातीत फुटलेला हुंदका, दाबत राहिलेला हात. आणि हात थांबला तेव्हा कोण आलं होतं तेही. सांगताना तिचा आवाज चिरकत होता, वाक्यं अर्धवट राहत होती. या घरात एवढं मोडकंतोडकं कुणी कुणाशी फार वर्षांत बोललं नव्हतं.

"खूप घाबरला होता," ती शेवटी म्हणाली. "आणि त्याआधीही कितीतरी वेळा. मला कळू दिलं नाही त्यानं."

रेवानं ताट बाजूला सरकवलं. ती म्हणाली, की दिवाळीपासून मलाही होतंय. हवा संपल्यासारखं. पहिल्यांदा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झालं, मग बसस्टॉपवर, मग बारावीच्या पेपरला, भौतिकशास्त्राच्या. तो अर्धाच लिहिला. हात बधिर होतात. आता आपण मरणार असं वाटतं. घरी झालं की नळ सोडून न्हाणीघरात बसते.

मला का नाही सांगितलंस, एवढंच पल्लवीनं विचारलं.

"तू शांतपणे ऐकलं असतंस," रेवा म्हणाली. "मला तेच नको होतं."

दुपारचं ऊन ताटांपर्यंत आलं होतं. पल्लवीची छाती धडधडत होती, कानशिलं तापली होती, आणि कानामागे काहीही नव्हतं. उठून पाणी आणावं, डॉक्टरांना फोन लावावा, काहीतरी समजुतीचं बोलावं, असं सगळं एकदम मनात आलं. तिनं यातलं काही केलं नाही. तिचे हात ताटाच्या दोन्ही बाजूंना उघडेच पडले होते आणि ते थरथरत होते. लपवायचं तिला सुचलं नाही.

रेवानं ते हात पाहिले. मग ती पहिल्या दिवसापासून सांगू लागली.